सुई यायची आहे

नगरहून शिर्डीकडे निघालं आणि कोल्हारचा पूल ओलांडला, की थोड्या अंतरावर डाव्या हाताला एक भलामोठा फलक दिसतो. त्यावर पांढऱ्या टोपीतले एक वृद्ध गृहस्थ हसत उभे आहेत आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘ज्यांनी या मातीला विणायला शिकवलं’. मी तो फलक पहिल्यांदा एसटीच्या खिडकीतून वाचला, आणि शेजारच्या बाई दचकून सरकून बसल्या इतक्या मोठ्यानं म्हणाले, “काय खोटं बोलतात मेले!”

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं शाळेतले सहकारी म्हणायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली माझी. पोरांवर कधी हात उगारला नाही, पण तपासणीला आलेले साहेब माझ्या वर्गात जरा जपून पाय ठेवायचे. आता मी निवृत्त झालेय. वाटलं होतं, राग पण निवृत्त होईल. तो काही झाला नाही, आणि तो फलक तिथं आहे तोवर होईल असं वाटत नाही.

कारण या भागाला विणायला शिकवलं ते माझ्या मावशीनं. आईची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे घरात कर्ती माणसं दोनच, आई आणि मावशी. आणि तिसरं ते मशीन.

आमच्या गावात मिशनचा बंगला होता. बंगल्यातल्या परदेशी मॅडमकडे मोजे विणायचं हाताचं मशीन होतं. मावशी लहानपणापासून तिथं झाडलोट करायला जायची आणि मॅडमच्या शेजारी बसून ते चालवायला शिकली. मॅडम म्हाताऱ्या झाल्या, मायदेशी निघाल्या, तेव्हा जाताना सगळ्यांना काही ना काही देऊन गेल्या. कुणाला कपाट, कुणाला पेटी, कुणाला नुसत्या चिनीमातीच्या बशा. मावशीला त्यांनी मशीन दिलं. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर दिलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे हे मशीन कुणाचं असा प्रश्न येणार आहे, आणि त्यात प्रश्न पडण्यासारखं काहीही नव्हतं.

मशीन म्हणजे तरी केवढं? टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, दुधाच्या पातेल्याएवढं. मधे पोकळ नळा, नळ्याभोवती उभ्या सुयांचं कुंपण, प्रत्येक सुईच्या डोक्याला बारीक आकडा. बाजूला दांडा. सूत वरून आत घ्यायचं आणि दांडा फिरवायचा, की सुया एकामागून एक खालीवर होतात आणि नळ्यातून खाली मोजा उतरायला लागतो. लहानपणी मी टेबलाखाली बसून तो उतरताना बघत असे.

त्या मशीनचा एक नियम होता, आणि तो मावशीनं गावातल्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी सांगितला होता. सुया कधी उघड्या ठेवायच्या नाहीत. मोजा पुरा झाला की त्याच्यावर उरल्यासुरल्या सुताचे काही वेढे विणायचे आणि मगच मोजा कापून घ्यायचा. ते वेढे सुयांवरच राहतात, खाली लोंबतात. त्याला आमच्याकडं ‘शेपूट’ म्हणत. नवा मोजा त्या शेपटालाच पकडून सुरू होतो. शेपूट नसेल तर सूत नुसतं गरगर फिरतं, विणकाम धरतच नाही. मग एकेका सुईवर हातानं टाका चढवत बसा. म्हणून एक बाई उठली की पुढच्या बाईसाठी शेपूट सोडून उठायची. आणि सूत न लावता दांडा फिरवणं म्हणजे तर पापच. सगळे टाके सुयांवरून निसटतात आणि शेपूट खाली गळून पडतं. कुणाच्या पोरानं चेष्टेनं रिकामा दांडा फिरवला तर त्या घरात त्या दिवशी पाठीत धपाटे ठरलेले.

मावशी नाताळच्या आधी गावातल्या पोरांसाठी मोजे विणायची. आमच्या ओट्यावर बसून तिनं मिशनच्या बायकांना शिकवलं, मग पाटलांच्या सुना आल्या, मग मोमीन आळीतल्या बायका आल्या. कुणी कुणाच्या हातचं पाणी पीत नसतील त्या काळात, पण एकमेकींच्या शेपटाला आपला मोजा जोडायला कुणाची ना नव्हती. असलं काही फलकावर लिहा की. ते नाही सुचत.

मग शेठ आले, फलकावरचे ते टोपीवाले. तालुक्याला त्यांचं कापडाचं दुकान होतं. बाजारात आमच्या गावच्या पोरांच्या पायांत एकसारखे मोजे दिसले आणि त्यांनी चौकशी केली. माणूस हुशार, हे मी कबूल करते. सुताची पोती घेऊन ओट्यावर आले, मावशीला ‘बाई, बाई’ म्हणाले, शाळेच्या गणवेशाचे मोजे विणून द्याल का विचारलं. निळे, वर दोन पांढरे पट्टे. पुढे त्यांनी कुठून कुठून जुनी हातमशीनं गोळा करून आणली आणि घरोघरी बसवली. कुठल्या घरी बसवायचं हे मावशी सांगायची, कारण कुणाचा हात बसलाय हे तिलाच ठाऊक. दुपारी गल्लीतून चाललं की घराघरांतून खर्रखर्र ऐकू यायचं. उन्हाळ्यात तर जेवायला उसंत नसे, कारण शाळा उघडायच्या आधी माल पोचायला हवा. आमच्या गावचे मोजे कर्जतच्या शाळांत गेले, वर भंडारदऱ्याकडच्या आश्रमशाळांत गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी माझी पहिली नेमणूक अकोले तालुक्यात झाली, तेव्हा वर्गातल्या पोरांच्या पायांत निळे मोजे आणि दोन पांढरे पट्टे बघून मला भर वर्गात रडू आलं होतं. पोरं घाबरली बिचारी.

मी अजून शाळेत होते तेव्हाच शेठनी गावाबाहेर शेड बांधली. मोटारीवरची मशीनं आली. आता घरोघरी विणायचं कारण उरलं नव्हतं. बायकांनी शेडमध्ये कामाला यायचं. शेठची माणसं टेम्पो घेऊन आली आणि आपली हातमशीनं उचलायला लागली. ती त्यांचीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टेम्पो आमच्या दाराशी थांबला आणि शेठ स्वतः खाली उतरले.

मावशीच्या मशीनच्या काही सुया तेव्हा वाकल्या होत्या. शेठ म्हणाले, “आता आलोच आहोत तर तुमचंही घेऊन जातो. सुया बदलून देतो.”

आई आतून बाहेर आली आणि पदर खोचून म्हणाली, “अक्का, देऊ नको. हितंच राहू दे वाकडंतिकडं.”

शेठ हसले. “दुरुस्तीचं काम आहे बाई. झालं की पोचतं करू. तुमचं कुठं जातंय?”

मावशीनं दिलं. देताना तिनं काय केलं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं, पेटीतून सुताचे तुकडे काढले आणि नवं शेपूट विणलं. थोडं निळं, थोडं तपकिरी, आणि मधे पिवळा पट्टा. पिवळं सूत माझ्या तान्हेपणीच्या टोपड्याचं होतं. टोपडं उसवून तिनं ते ठेवून दिलं होतं. दांड्याला हात लावून शेठना म्हणाली, “शेपूट काढू नका हां. परत आलं की लगीच चालू व्हईल.”

परत आलं नाही.

मावशी शेडमध्ये कामाला लागली. जिनं शिकवलं तिला शेडमध्ये कामगार म्हणून घेतलं, आणि तिच्यावर देखरेखीला शेठचा एक भाचा नेमला, ज्याला टाका आणि गाठ यातला फरक कळत नव्हता. दर नाताळला शेठकडून मिठाईचा पुडा यायचा. पुडा घ्यायला मावशी दारात जायची आणि विचारायची, “मशीनचं काय झालं?” उत्तर ठरलेलं. “सुई यायची आहे.” आधी सुई मुंबईहून यायची होती. मग लुधियान्याहून. मग परदेशातून. एवढा प्रवास आमच्या खानदानात कुणी केला नाही, जेवढा त्या सुईनं केला. आई चिडून पुडा परत करायला निघायची, मावशी म्हणायची, “अगं, येईल. मोठी मान्सं हायेत, त्यांना काय ह्या खेळन्याची हाव हाय व्हय?”

इतका विश्वास माणसानं ठेवू नये. ठेवणाऱ्याचा मला राग येत नाही, पण ज्यांच्यावर ठेवला त्यांना झोप कशी लागते, हे मला कळत नाही.

शेठनी गावाचं भलं केलं नाही असं मी म्हणत नाही. शेडमधल्या पगारावर बायकांनी पत्रे काढून स्लॅब घातले, पोरींना शिकवलं. माझं डी.एड. त्याच पगारावर झालं. पण हे कुणी उपकार म्हणून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. बायकांनी काम केलं आणि पगार घेतला. शेडमध्ये सुताची बारीक लव हवेत तरंगायची, डोक्यावर, भुवयांवर बसायची. मावशीला खोकला लागला तो सुटला नाही. ‘जरा खडीसाखर चघळा’ असं शेठचा भाचा सांगायचा. शेवटी शेवटी ती दोन पावलं चालली तरी दारचा खांब धरायची. जाण्याच्या आधी आईला म्हणाली, “माझं मशीन आलं का गं?” आई ‘येतंय’ म्हणाली. आई आयुष्यात एवढंच एक खोटं बोलली असावी. त्या दिवसापासून आईनं एकच धरून ठेवलं. अक्काचं मशीन घरी आणायचं.

पुढे नायलॉनचे मोजे आले, बाहेरचा स्वस्त माल आला, शाळांना ठेकेदार पुरवायला लागले. शेड बंद पडली. बायका कांद्याच्या वखारीत गेल्या, शेतात गेल्या, कुणी पुण्याला पोरांकडे गेल्या. शेडचं आता मंगल कार्यालय झालंय. एका विद्यार्थिनीच्या लग्नाला मी तिथं गेले होते, आणि जिथं मावशी उभी राहून खोकायची, बरोबर त्याच जागी मला जिलेबी वाढली. मी ती तशीच पानात ठेवून उठले. शेठच्या घरचा धंदा मात्र चालूच आहे. माल बाहेरून येतो, डब्यावर नाव आमच्या गावाचं असतं.

तर त्या शेठच्या नातवानं आता शिर्डीच्या रस्त्याला मोठं दुकान काढलंय. साईबाबांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्या थांबाव्यात, लोकांनी मोजे-बनियन घ्यावेत, वर ‘परंपरा’ बघावी, म्हणून आत एक दालन. उद्‌घाटनाच्या आधी त्यांचा माणूस आमच्या घरी आला. गावातल्या सर्वांत जुन्या विणकर म्हणून आजींचा सत्कार करायचाय, गाडी पाठवतो. मी नाही म्हणायच्या बेतात होते. आईनं विचारलं, “तिथं जुनी मशीनं हायेत का?” तो म्हणाला, “आहे ना, एक फार जुनं आहे.” आई म्हणाली, “येते.”

गाडीतून उतरलो तर एका पोरसवदा बाईनं आईला आत नेलं आणि हातात शिवलेली नऊवारी दिली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “ही काय प्यांट हाय का?” जन्मभर पाचवारी नेसलेली बाई ती. नऊवारी नाही तर नाही, म्हणून त्या बाईनं निदान कुंकू तरी लावते म्हणत आईच्या कपाळावर बोट टेकलं. विचारलं नाही, सवरलं नाही. आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यात आई विधवा. आईनं शांतपणे पदरानं कपाळ पुसलं. “फोटोत पारंपरिक दिसलं असतं आजी,” ती बाई म्हणाली. मी म्हणाले, “पारंपरिक म्हणजे तुमच्या मनातलं. आमच्या घरातली परंपरा ही अशी दिसते.” आईनं माझा हात दाबला. तिचं लक्ष केव्हाच दुसरीकडं गेलं होतं.

दालनाच्या मधोमध, उंच चौथऱ्यावर, काचेच्या पेटीत मावशीचं मशीन होतं. तेल पाजून चकचकीत केलेलं. खाली पाटी लावली होती, ‘संस्थापकांनी परदेशातून आणलेलं पहिलं यंत्र’. आणि नळ्यातून खाली लोंबत होतं शेपूट. निळं, तपकिरी, मधे पिवळा पट्टा. एवढ्या वर्षांत कुणी ते काढलं नव्हतं, कारण कुणी त्याच्याकडं पाहिलंच नव्हतं.

आई काचेला हात लावून उभी राहिली. मी तिला कधी अशी उभी राहिलेली पाहिली नव्हती, देवळातसुद्धा नाही.

शेठचा नातू जवळ आला, वाकून पाया पडला. आई म्हणाली, “बाबा, हे आमचं मशीन हाय. माझ्या भनीचं. तुमच्या आज्यानं दुरुस्तीला नेल्तं.”

तो मोकळेपणानं हसला. “आजी, अहो, हे सगळं तुमचंच आहे!”

या वाक्याइतकं लबाड वाक्य मराठीत दुसरं नसेल. सगळं तुमचंच आहे म्हणायचं आणि कशालाही हात लावू द्यायचा नाही. मी पुढं होऊन म्हणाले, “मग देता का आत्ता? गाडीत ठेवून घेतो.” त्याचं हसू जरा सैल झालं. “मॅडम, आज पाहुणे आहेत. नंतर बसून बोलू.”

पाहुणे आले. भाषण झालं. विणायला कुणी शिकवलं, दूरदृष्टी कशी होती, ग्रामीण महिलेला उंबऱ्याबाहेर कुणी आणलं, सगळं ऐकलं. आईच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. मग काचेची पेटी उघडली आणि नातू पाहुण्यांना म्हणाला, “साहेब, आपल्या हस्ते यंत्र फिरवून उद्‌घाटन करू या.”

मशीनला सूत लावलेलं नव्हतं.

“नगा! नगा फिरवू!” आई उठली. शाल खाली पडली. मीही ओरडले. पण बँड सुरू झाला होता आणि फोटोवाले पुढं घुसले होते. पाहुण्यांनी दांडा धरला आणि हसत हसत कॅमेऱ्याकडं बघत गरगर फिरवला. सुया खालीवर झाल्या. टाळ्या पडल्या. आणि मावशीनं टेम्पो थांबवून विणलेलं शेपूट सुयांवरून सुटलं आणि चौथऱ्यावर गळून पडलं.

नातवानं ते दोन बोटांनी उचललं. “काहीतरी वेस्ट अडकलं होतं,” म्हणाला आणि कोपऱ्यात टाकलं.

मी गर्दीतून वाट काढत गेले आणि ते उचललं. कुणीतरी मागून म्हणालं, “मॅडम, राहू द्या, वेस्ट आहे ते, झाडणारे उचलतील.” मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं. नारळ आणि शाल मी तिथंच खुर्चीवर ठेवली आणि त्यांची गाडी नाकारून आम्ही शेअर रिक्षानं घरी आलो.

 घरी आल्यावर आईनं सुईत दोरा ओवला आणि शेपटाच्या वरच्या कडेचा एकेक टाका दोऱ्यावर धरला, उसवू नये म्हणून. धरता धरता म्हणाली, “मी सांगितलं हुतं अक्काला. देऊ नको म्हनून.” मग ती रडली. मला रडणं जमलं नाही. मी ओट्यावर बसून त्या फलकावरच्या हसऱ्या टोपीला शिव्या घालत राहिले.

त्यानंतर मी काय केलं नाही? त्या दुकानात दोनदा गेले. नातू भेटला नाही, व्यवस्थापक भेटला. पन्नाशीचा, नम्र माणूस. चहा पाजला, ‘वर कळवतो’ म्हणाला. मशीन कुणाचं ते सांगणारी मंडळी आता मातीआड गेलेली. मी वकिलाशी बोलले, तर त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी एखाद्या भांड्यासाठी कोर्टात निघालेय. “बाई, भंगारात काय किंमत येईल त्याची?” मी तिथूनही भांडून आले. आई म्हणायची, “तू वरडू नको. वरडून तुझं बीपी वाढतंय, मशीन येत न्हाई.”

आणि एक दिवस व्यवस्थापकाचाच फोन आला. शिर्डीला जाणारे लोक दुकानात येतात, त्यांना ते यंत्र चालताना बघायचं असतं. सूत लावलं, दांडा फिरवला, तर सूत नुसतं गोल गोल फिरतं, विणलं काहीच जात नाही. नातूसाहेब वैतागलेत. आजी येऊन बघतील का? गाडी पाठवतो.

यात काही जादू नव्हती. टाके चढवून शेपूट धरायचं, एवढंच काम. मलाही येतं ते, आणि कुणी जरा डोकं लावलं असतं तर त्यालाही आलं असतं. पण त्यांना ते आयतं हवं होतं, नेहमीसारखं. मी तोंड उघडलं. आत साठलेलं सगळं बाहेर पडणार, इतक्यात आईनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“मला आता गाडीत बसवत न्हाई, बाबा,” ती म्हणाली. “मशीन हिकडं पाठवा. बघते.”

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. “लाज नाही वाटत त्यांना, आणि तू फुकट राबायला तयार! मावशीला राबवलं, आता तुला! नीट करून देणार आणि ते पुन्हा काचेत घालून शेठचं नाव लावणार!” आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, वयानं थकली. मला तिचाही राग आला, आणि असा राग मला आजवर तिचा कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. व्यवस्थापकानं स्वतः मशीन उचलून आत आणलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. त्याच टेबलाच्या, जिथं ते पूर्वी असायचं. स्क्रूच्या खुणा अजून लाकडावर आहेत. आईनं स्क्रू आवळला. नळ्यावरून हात फिरवला. वाकलेल्या सुयांना बोट लावलं. त्या तशाच होत्या. एवढ्या वर्षांत एकही सुई बदललेली नव्हती.

व्यवस्थापकानं घड्याळात बघत विचारलं, “कधीपर्यंत होईल आजी?”

आई खुर्चीत टेकून बसली. पदर सारखा केला. अगदी शांतपणे, शुद्ध मराठीत, शेठच्या सुरात म्हणाली, “दुरुस्तीचं काम आहे, साहेब. झालं की पोचतं करू. तुमचं कुठं जातंय?”

तो ‘बरं बरं’ म्हणत गेला. टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दारात उभी होते. मागं वळून पाहिलं तर आई दोऱ्यावर धरलेलं शेपूट घेऊन बसली होती आणि मावशीचा एकेक टाका एकेका सुईवर चढवत होती.

आता कुणी म्हणेल, झालं की मग, मिळालं मशीन. काय मिळालं? मावशी दारचा खांब धरून विचारत गेली, ती काही आली नाही. फलक अजून तिथंच आहे, म्हातारा अजून हसतोय, आणि शिर्डीला जाणारी माणसं अजून तेच वाचत जातात. माझा राग आहे तिथंच आहे. फक्त दुपारी घरात खर्रखर्र ऐकू येतं. आई हातात येईल ते सूत विणते, मोजा पुरा झाला की शेपूट सोडते आणि मला हाक मारते, “ये, आता तू बस.” मी बसते.

परवा व्यवस्थापकाचा पुन्हा फोन आला. आवाजात जरा धार होती. साहेब विचारतायत, म्हणाला, एवढे दिवस झाले, यंत्राचं काय झालं?

आईनं दांडा थांबवला आणि माझ्याकडं पाहिलं. मी गळा साफ केला.

“सुई यायची आहे,” मी म्हणाले.